अक्कलदाढ

२ ऑक्टोबर २००६, सोमवार. पिस्कॅटवे, न्यू जर्सी

जूनपासून ही डायरी बॅगेच्या तळाशी पडून आहे. निघताना मावशीने दिली होती. म्हणाली, "दोन ओळी लिहीत जा, म्हणजे कुठे होतास ते निदान तुला तरी कळेल." रोज ठरवतो, आज लिहायचं. मग पेन सापडत नाही. पेन सापडलं की खिडकीबाहेर खार दिसते. इथल्या खारी मांजराच्या पिल्लाएवढ्या असतात, बघण्यात तास जातो. चार महिने खारींनी खाल्ले म्हणायचे.

आज बसलो कारण सिद्धेशचा राग आलाय आणि सांगायला कुणी नाही. घरात दोघेच, आणि त्यातला दुसरा तोच.

मी आलो नाटकाच्या दौऱ्याबरोबर, लाइटवाला म्हणून. मंडळी परत गेली, मी मावसभावाकडे, म्हणजे या सिद्धेशकडे, राहिलो. व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग गोव्यात शॅक, मनालीत ट्रेकवाल्यांची खेचरं, मग नाटक. सिद्धेश माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा. इथल्या विद्यापीठात साथीच्या रोगांवर पीएच.डी. करतो. आमच्या घराण्यात लहानपणापासून दोनच वाक्यं चालतात. 'सिद्धेशचं बघ' आणि 'गुरुदत्तचं काय करायचं'.

पण मला ताशा येतो आणि त्याला येत नाही. गणपतीत इथल्या मंडळाने पार्किंग लॉटमध्ये मिरवणूक काढली, मी वाजवला. विद्यापीठाच्या बँडचा मास्तर तिथे सामोसा खात उभा होता, तो खायचा थांबला. त्याने आमच्या पथकाला फुटबॉलच्या मॅचला बोलावलंय. २८ तारखेला, हाफटाइमला, मैदानाच्या मधोमध, पाच मिनिटं. स्टेडियममध्ये चाळीस हजार माणूस असतं. आणि ताशाने उठाव दिल्याशिवाय ढोल सुरू होत नाहीत, म्हणजे चाळीस हजारांपुढे पहिली काडी माझी.

आता विद्यापीठात गालगुंडाची साथ आलीय. सिद्धेश हेल्थ कमिटीवर आहे. आज जेवताना म्हणाला, मॅच खेळूच नये असं मी सांगणार आहे.

मी विचारलं, "कुठलीच?"

"घरच्या मैदानावरची. चाळीस हजार लोक, एकमेकांचे ग्लास, ओरडणं, मिठ्या मारणं. गालगुंड थुंकीतून पसरतं, गुरू. लस घेतलेल्यांनाही होतंय यार."

बरोब्बर माझीच मॅच.

५ ऑक्टोबर, गुरुवार

प्रॅक्टिस मस्त झाली. बँडची पोरं तर्री शिकवा म्हणून मागे लागतात. ताशावर काड्या अशा सलग उडवायच्या की ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत, ती तर्री. त्यांना माझं नाव फार आवडतं. "गुरू, गुरू" करतात आणि योगाचे प्रश्न विचारतात. मी काहीही ठोकून देतो. सगळे एकाच बाटलीतून पाणी पितो. झांजवाला बरेच दिवस आला नाही, सर्दी झालीय म्हणे.

लेझीम चैत्राली बसवतेय. नागपूरची, केमिस्ट्रीत एम.एस. करते. तिच्याबद्दल वेगळं लिहीन असं ठरवलं होतं पण आता आलंच आहे तर लिहितो. ती हसते तेव्हा आधी खाली बघते. आज प्रॅक्टिस संपल्यावर माझ्याकडे आली, मला वाटलं तर्रीबद्दल काही बोलेल. म्हणाली, "सिद्धेश कसा आहे? जेवतो का वेळेवर? काय करून राहिला एवढं, कमिटी कमिटी?"

मी म्हटलं, "तुझी लेझीम बंद पाडायचं करतोय."

ती म्हणाली, "त्याला वाटत असंल बरोबर, तर करू दे ना."

याला काय म्हणायचं. मी वाजवतो ते बरोबर की चूक, हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही.

उजवीकडची अक्कलदाढ ठणकतेय. लवंग ठेवली. पंचविसाव्या वर्षी येतेय म्हणजे उशीरच झाला, पण येतेय.

७ ऑक्टोबर, शनिवार

काल कोजागिरी, एकनाथकाकांकडे. काका हाडांचे डॉक्टर होते, आता रिटायर. सत्तर साली आले. इथे मराठी माणसं फुटबॉलला 'हाताने खेळायचा फुटबॉल' म्हणून हसतात, पण काकांनी इतक्या वर्षांत घरची एक मॅच चुकवलेली नाही. टीमचा किकर त्यांच्याकडे घरच्यासारखा येतो. काकांनी रिटायर होण्याआधी त्याचा घोटा जोडला होता. किकर म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये चार-पाचदा आत येऊन बॉलला लाथ मारणारा. तेवढंच काम, पण ते चुकलं तर मॅच गेली. माझ्याच जातीचा माणूस. त्याचं नाव कोडी. सुलभाकाकू त्याला वरणभात वाढताना प्रत्येक वेळी म्हणतात, "सुटणारी का न सुटणारी?" आणि एकट्याच हसतात.

डेकवर चंद्राखाली मसाला दूध आटत होतं आणि वाद चालला होता. काका सिद्धेशला म्हणाले, "अरे, गालगुंड म्हणजे काय प्लेग आहे का? गाल सुजतो, उतरतो. त्यासाठी मॅच बंद?"

"काका, मोठ्या वयात ते नुसतं गालावर राहत नाही. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी सांगायचं?"

"मी हाडांचा डॉक्टर. गालात हाड नसतं."

सगळे हसले. चैत्राली हसली नाही. ती सिद्धेशकडे अशी बघत होती, जसं माणूस एकट्याने खिंड लढवणाऱ्याकडे बघतो. मी तिथे उभा, हातात दुधाचा ग्लास, दाढेतून कानापर्यंत कळ जातेय, आणि मला कुणी विचारत नाहीये.

मग सिद्धेशने इंग्लिशमध्ये कोडीला समजावलं की आमच्या भाषेत एक शब्द आहे, उष्टं. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं. ते खायचं नाही एवढं अमेरिकेने शिकलं तर साथ पंधरा दिवसांत थांबेल. कोडी "ऊश्टा, ऊश्टा" करत राहिला. काकू म्हणाल्या, "आणि उष्टं खाल्लं की प्रेम वाढतं, ते नाही सांगितलंस त्याला?"

माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी पेटलं. मी माझं दूध अर्धं प्यायलो, कठड्याशी चैत्राली उभी होती तिच्या हातात ग्लास दिला, म्हटलं, "तुझ्यासाठी, केशर जास्त घातलंय." तिने घेतला. तेवढ्यात काकांनी खुर्च्या आणायला हाक मारली. परत आलो तर ग्लास रिकामा, तळाशी चारोळ्यासुद्धा नाहीत.

आज दिवसभर हे आठवून हसू येतंय. हसलं की दाढ दुखते.

९ ऑक्टोबर, सोमवार

दाढेने आता गालच व्यापला. उजवा गाल पुरणपोळीसारखा टम्म. आरशात बघितलं तर एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने आमचे बापूकाका. तापही आहे थोडा. दाढेचा ताप येतोच.

सिद्धेश सकाळी लवकर जातो, उशिरा येतो, तरी मी तपकिरी मफलर गुंडाळून बसलो. त्याने विचारलं, "काय झालं?"

"अक्कलदाढ."

"गाल बघू."

"दाढ गालाच्या आत असते."

"तुला लहानपणी गालगुंड झालं होतं ना?"

"झालं होतं," मी म्हटलं. झालं होतं काहीतरी. शाळा बुडाली होती आणि आजीने अंगाला कडुनिंब लावला होता, एवढं आठवतं. बहुतेक त्या कांजिण्या. पण हे त्याला सांगितलं असतं तर त्याने लगेच मला खोलीत कोंडून ताशा दुसऱ्याला दिला असता. त्याला तेच पाहिजे आहे. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार. जर्सी सिटी

मंगळवारी न्यू ब्रन्सविकहून ट्रेन पकडली आणि अमितकडे आलो. अमित दौऱ्यात आवाजाचं बघायचा, तोही राहिला मागे. तो दिवसभर नसतो. मी खिडकीतून नदी आणि पलीकडचं मॅनहॅटन बघत पडतो. एक बोट रोज तेच करते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिच्यावर नोकरी लागली तर बरं, असं दोन दिवस वाटलं, मग गेलं.

अमितने गाल बघितला. "दाढच ती. माझ्या चुलत्याला अश्शीच आली होती." म्हणजे दोन जणांचं मत झालं.

पेज खातो. ताशाच्या काड्या बरोबर आणल्यात, उशीवर प्रॅक्टिस करतो. सूज उतरतेय. बाहेर आली नाही, बहुतेक मागे फिरली.

चैत्रालीचा फोन नाही. सिद्धेशचा आला होता दोनदा, उचलला नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. पिस्कॅटवे

आजचा दिवस माझा.

मॅच खेळायची की नाही, यावर विद्यापीठात खुली सभा होती. कुणीही बोलावं. सिद्धेश आधी बोलला. आकडे, वक्र रेषा, पडद्यावर लाल ठिपके. शेवटी म्हणाला, "एक मॅच कमी झाली तर कुणाचं काही जात नाही." माझ्याकडे बघून नाही म्हणाला, पण मला लागायचं ते लागलं.

मी सरळ उठलो आणि माइककडे गेलो. काय बोललो ते आठवेल तसं लिहितो. म्हटलं, आय ॲम नॉट स्टुडंट. आय ॲम नथिंग हिअर. बट माझ्या गावात पाऊस असो, साथ असो, कर्फ्यू असो, गणपती जातो, अँड समवन मस्ट प्ले. म्हटलं, मला परवापर्यंत दाढ होती, व्हेरी पेनफुल, स्टिल आय प्रॅक्टिस ऑन द पिलो. यू ऑल्सो प्ले.

आधी हसले, मग टाळ्या. बँडची पोरं बाकांवर उभी राहिली. काका मागच्या रांगेत शिट्टी वाजवत होते, त्या वयात. तासाभरात निर्णय झाला की मॅच होणार, हाफटाइमही होणार.

बाहेर सिद्धेश भेटला. मला वाटलं आता भांडेल. "चांगलं बोललास," म्हणाला. मग थांबून, "ताशा हातात धरल्यासारखाच माइक धरला होतास." हरलेला माणूस एवढं गोड बोलतो तेव्हा आत काय जळत असेल, ते मला चांगलं माहीत आहे.

चैत्राली त्याच्याबरोबरच घरी गेली. रस्ता एकच आहे दोघांचा, म्हणून.

२१ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी

काकूंकडे फराळ. चकल्या कडक झाल्या होत्या, दोन्ही बाजूंनी चावल्या, कुठेही दुखलं नाही.

निघताना चैत्रालीने मला बाजूला घेतलं. "मंगळवारी जेवायला ये. पण एकटाच ये हं, सिद्धेशला नको आणू."

मी तिला तीनदा विचारलं, एकटाच? एकटाच, म्हणाली, आणि आधी खाली बघून मग हसली.

काकूंचं म्हणणं खोटं नाही. उष्टं कामाला येतं. उशीर लागतो, पण येतं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊबीज.

आज भाऊबीज आहे हे मला तिच्या घरात शिरेपर्यंत माहीत नव्हतं. या देशात मंगळवार म्हणजे नुसता मंगळवार. मी सिद्धेशचा निळा शर्ट घातला होता, त्याचंच अत्तर. दार उघडलं आणि आत जमिनीवर केमिस्ट्रीची दोन जाड पुस्तकं, त्यांवर टॉवेल, भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. पाट नव्हता तिच्याकडे. ताटात निरांजन.

"बस ना," म्हणाली. "काय उभा राहून राहिला."

बसलो. पुस्तकं एका बाजूला कलत होती.

"मला भाऊ नाही रे," ती म्हणाली. "इकडे आल्यापासून दरवर्षी चंद्राला ओवाळते. सिद्धेश म्हणाला, या वेळी घरचा माणूस आहे तर चंद्र कशाला."

म्हणजे हेही त्याचंच. तिने ओवाळलं. कपाळाला कुंकू लावताना बोटं गार लागली. मी विचारलं, ओवाळणी काय देऊ, माझ्याकडे ताशाशिवाय काही नाही.

"मावशींना सांग ना आमच्याबद्दल. सिद्धेश भितो सांगायला. म्हणतो, गुरूने सांगितलं तर आई हसत ऐकेल."

मी हो म्हटलं. बासुंदी होती, ती खाल्ली. मग विषय बदलायला विचारलं, "कोजागिरीला दूध दिलं होतं मी तुला, आवडलं होतं का?"

"ते? मला साय चालत नाही रे, अंगावर काटा येतो. कोडीला दिलं. त्याने गटागटा प्यायलं, वर चारोळ्या बोटाने काढून खाल्ल्या."

रात्री बॅग भरून काकांच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो. सिद्धेशला सांगितलं की इथून स्टेडियम जवळ पडतं. मफलर तिकडेच राहिला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

कोडीला गालगुंड झालं. दोन्ही बाजू.

काका सकाळपासून फोनवर. टीममध्ये पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या सामाईक असतात.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

मॅच रद्द. पाहुण्या टीमने यायला नकार दिला. हाफटाइम नाही, काही नाही. पुढच्या घरच्या मॅचचा हाफटाइम आधीच दुसऱ्यांना दिलेला आहे, आणि त्यानंतर माझा व्हिसा नाही.

मी गॅरेजमध्ये जाऊन ताशाला हात लावला, वाजवला नाही.

संध्याकाळी सिद्धेश आला. त्याला पाहिजे तेच झालं, आता पेढे घेऊन आला असेल, असं वाटलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. साथ कुठून आली ते शोधणं हे त्याचं काम. कोडी गेल्या तीन आठवड्यांत कुणाचं काय प्यायला, ते त्याने विचारलं होतं.

"कोडी म्हणतो, फक्त यलो मिल्क. बाकी तो स्वतःचीच बाटली वापरतो. मी त्या दिवशी उष्ट्याचं सांगितलं तेव्हापासून."

मी काड्या बॅगेत सरकवल्या.

"कोजागिरीला तुझी दाढ दुखत होती ना, गुरू?"

"हो. दाढ."

तो बराच वेळ माझ्या गालाकडे बघत राहिला. मग उठला, काकूंच्या किचनमध्ये जाऊन दोन कप चहा करून आणला, माझ्यात आलं जास्त घातलेलं. दोघांनी वेगवेगळ्या कपातून प्यायला. जाताना म्हणाला, "कमिटीला सांगितलंय, कुठून आलं ते सापडलं नाही." एवढा शिकलेला, आणि सापडलं नाही म्हणतो. मला आनंद व्हायला हवा होता.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आज मॅचचा दिवस. ऊन पडलंय, झाडं लालपिवळी झालीत, आणि रस्त्यावर एक गाडी नाही. काकांनी सवयीने टीमची लाल जर्सी घातली आणि बंद टीव्हीसमोर बसले. मला म्हणाले, "गुरू, तुझी ती अक्कलदाढ आली का रे शेवटी? आ कर, बघू."

"तुम्ही हाडांचे डॉक्टर."

"दात हाडाच्या शेजारीच राहतात. आ कर."

मी खाली पळालो. बाथरूमच्या आरशात आ करून बघितलं, दिसेना. जीभ मागेपर्यंत नेली. डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट. बोट घालून चाचपलं. हिरडी लहान पोरासारखी गुळगुळीत. आत कुठेतरी असेल अजून. असतात काही जणांच्या आतच.

हे लिहितोय तोवर काकांनी जिन्यावरून हाक मारली. "गुरू, तुला लहानपणी गालगुंड झालेलं आहे ना? सिद्धेश म्हणत होता."

"हो," मी म्हटलं. आता काय दुसरं म्हणणार.

"मग तुला भीती नाही. होस्टेल त्याला ठेवायला तयार नाही, आईबाप ओहायोत. तुझ्या शेजारचा पलंग मोकळा कर. पेज, गरम पाण्याच्या गुळण्या, सगळं तूच बघायचं. काकूला खाली येऊ देऊ नकोस."

बाहेर गाडीचं दार वाजलं. मी खिडकीतून बघितलं. सिद्धेशची गाडी. तो बाहेर उतरला नाही, नुसता हात वर केला. मागच्या दारातून एक थोराड माणूस घोंगडी पांघरून निघाला, दोन्ही गाल खांद्यांना टेकलेले, आणि हनुवटीभोवती माझा तपकिरी मफलर.

आता तो जिना उतरतोय. प्रत्येक पायरीवर थांबतो आणि जड आवाजात विचारतो, "गुरू? यू गॉट एनी मोर ऑफ दॅट यलो मिल्क?"

कोडी आलाय.